व्हीआरमध्ये 'तिथे असण्याची' जाणीव: नेमकं काय मोजायचं आणि कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पीएच.डी.साठी उंचीच्या भीतीवर व्हीआरमध्ये (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे हेडसेटमधून दिसणारं आभासी जग) प्रयोग करायचा आहे. त्यात प्रेझेन्स, म्हणजे 'मी खरंच त्या जागी आहे' ही जाणीव, मोजायची आहे. कोणती प्रश्नावली घ्यावी? जास्त रिझोल्यूशनचा नवा हेडसेट घेतला तर प्रेझेन्स आपोआप वाढेल का? आणि स्कोअर चांगला आला की प्रयोग जमला असं समजावं का?

उत्तरं उलट्या क्रमाने देते. स्कोअर चांगला येणं आणि प्रयोग जमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेडसेटने फरक पडतो, पण रिझोल्यूशनकडून तुम्ही जेवढी अपेक्षा ठेवली आहे तेवढा नाही. आणि प्रश्नावलीची निवड सगळ्यात शेवटी करायची असते. बहुतेक जण ती सगळ्यात आधी उरकून टाकतात आणि मग बाकीचा प्रयोग तिच्याभोवती बेतत बसतात.

तुमच्या विषयाच्या सगळ्यात जवळच्या अभ्यासापासून सुरुवात करू. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या प्रयोगशाळेत मायकेल मीहान, ब्रेंट इन्स्को, मेरी व्हिटन आणि फ्रेडरिक ब्रुक्स यांनी केलेलं हे काम २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. सहभागी आधी एका साध्यासुध्या आभासी खोलीत फिरून सरावतो. मग दारातून शेजारच्या खोलीत जातो, तर तिथे मधली जमीनच गायब. कडेने उभं राहण्यापुरता काठ, आणि खाली साधारण सहा मीटरवर दुसरी खोली. प्रत्यक्षात तो प्रयोगशाळेच्या सपाट जमिनीवर उभा असतो आणि हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरीही नाडी वाढते, तळहाताला घाम सुटतो. त्यातल्या एका प्रयोगात संशोधकांनी जमिनीवर जेमतेम दीड इंच उंचीची लाकडी फळी ठेवली, आभासी काठ जिथे दिसतो बरोबर तिथे. बुटाच्या टोकाला फळीची कड लागली, पुढे आधार नाही हे पायालाच कळलं, आणि हृदयाचे ठोके फळी नसतानापेक्षा जास्त वाढले. चित्र तेच, हेडसेट तोच. दीड इंच लाकडाने सहा मीटर खोली खरी करून टाकली.

अशा काठावर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा बघू नका, पाय बघा. तोंडाने तो हसत 'काही नाही हो, खोटंच आहे सगळं' म्हणत असतो. पाय मात्र उचलत नाही, घासत घासत पुढे नेतो. गुडघे किंचित वाकलेले, वजन टाचांवर, आणि एक हात नकळत बाजूच्या भिंतीकडे गेलेला, जी भिंत फक्त हेडसेटमध्ये आहे. डोक्याला सगळं माहीत आहे, शरीर ऐकायला तयार नाही. प्रेझेन्सवरचं सगळं संशोधन या एका विसंगतीभोवती फिरतं. सहभागी फसला आहे असं कुणीच म्हणत नाही. खोटं आहे हे ठाऊक असूनही तो खऱ्यासारखा वागतो, म्हणून तर विषय रंजक आहे.

आता थोडी सैद्धांतिक बाजू, कारण इथे गोंधळ झाला की पुढे सगळंच घसरतं. दूरच्या यंत्रमानवाच्या डोळ्यांनी पाहावं, त्याच्या हातांनी काम करावं आणि आपण तिथेच आहोत असं वाटावं, ही टेलिप्रेझेन्सची कल्पना मार्व्हिन मिन्स्की यांनी १९८० मध्ये मांडली. १९९२ मध्ये या विषयाला वाहिलेलं स्वतंत्र नियतकालिक एमआयटी प्रेसने सुरू केलं. १९९७ मध्ये मॅथ्यू लोम्बार्ड आणि थेरेसा डिटन यांनी सगळ्या व्याख्या चाळून एक सूत्र काढलं: मध्ये माध्यम आहे याचं भान सुटणं म्हणजे प्रेझेन्स. सूत्र सुटसुटीत आहे, पण त्यात सिनेमा, दूरध्वनी, व्हीआर सगळंच बसतं. प्रयोग आखणाऱ्याला इतकी ऐसपैस व्याख्या फार उपयोगाची नाही.

कामाची मांडणी व्हीआर-संशोधक मेल स्लेटर यांची. त्यांनी दोन पातळ्यांवर काटछाट केली. पहिली म्हणजे इमर्शन आणि प्रेझेन्स वेगळे ठेवले. इमर्शन हा यंत्रणेचा गुण आहे: दृश्यक्षेत्र किती अंशांचं, डोकं वळवल्यावर चित्र किती मिलिसेकंदांनी वळतं, ट्रॅकिंग, म्हणजे हालचालींचा मागोवा, फक्त डोक्याचं की हातांचंही. हे माणूस न बसवताही मोजता येतं. प्रेझेन्स म्हणजे त्या यंत्रणेला माणसाने दिलेला प्रतिसाद. एकाच हेडसेटमध्ये दोन माणसांचा प्रेझेन्स वेगळा असू शकतो, इमर्शन मात्र तेच राहतं. पेपरमध्ये हे दोन शब्द अदलून बदलून वापरलेले दिसले की परीक्षक तिथेच पेन उचलतात, हे लक्षात असू द्या.

दुसरी काटछाट २००९ ची, आणि माझ्या मते ती या क्षेत्रातली सगळ्यात उपयोगी आहे. 'तिथे असणं' या एका जाणिवेचे स्लेटर यांनी दोन भाग केले. एक जागेचा भ्रम: मी या ठिकाणी आहे. दुसरा घटनेचा भ्रम: इथे जे घडतंय ते खरंच घडतंय. पहिला भ्रम शरीराच्या हालचालींवर उभा असतो. वाकून टेबलाखाली पाहिलं की टेबलाची खालची बाजू दिसली पाहिजे, मान वळवली की जग जागच्या जागी राहिलं पाहिजे, जवळ गेलं की वस्तू मोठी झाली पाहिजे. पाहण्यासाठी आपण आयुष्यभर ज्या हालचाली करत आलो, त्याच इथेही लागू पडल्या की मेंदू फारशी खळखळ न करता जागा मान्य करतो. दुसरा भ्रम वेगळ्याच गोष्टींवर टिकतो. तुम्ही काही केलं तर त्या जगाने प्रतिसाद द्यायला हवा. तिथल्या घटना तुम्हाला उद्देशून घडायला हव्यात. आणि त्या प्रसंगाबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे त्याच्याशी जग जुळायला हवं. समोरच्या पात्राने तुमच्या डोळ्यांत पाहून 'तुम्ही उशीर केलात' म्हटलं की हा भ्रम एकदम उचल खातो. तुम्ही उत्तर दिलं आणि ते पात्र तसंच शून्यात बघत राहिलं की त्याच क्षणी मरतो. जागेचा भ्रम मात्र त्याने बिघडत नाही. तुम्ही त्याच खोलीत असता, फक्त आता एका पुतळ्यासोबत.

या दोन्हींपासून गुंतून जाणं वेगळं काढायला हवं. एखाद्या कंटाळवाण्या बैठकीत तुम्ही शंभर टक्के हजर असता, जांभया देत का होईना. उलट एखादं रहस्य तुम्हाला रात्रभर जागं ठेवतं, पण आपण आपल्याच खोलीत आहोत हे तुम्ही क्षणभरही विसरत नाही. मजा आली, लक्ष लागलं, वेळ कसा गेला कळलं नाही, हे सगळं प्रेझेन्सच्या खात्यात जमा करू नका. दुर्दैवाने काही प्रश्नावल्या तेच करतात.

हेडसेटचा मुद्दा इथे येतो. जेम्स कमिंग्ज आणि जेरेमी बेलनसन यांनी २०१६ मध्ये ८३ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. तंत्रज्ञान सुधारलं की प्रेझेन्स वाढतो, पण हा परिणाम एकंदरीत मध्यम आकाराचा आहे. आणि त्यातही जास्त वजन ट्रॅकिंगला, दोन डोळ्यांना वेगळी चित्रं दाखवण्याला आणि रुंद दृश्यक्षेत्राला आहे. चित्राचा दर्जा आणि आवाज यांचा वाटा त्या मानाने कमी. रिझोल्यूशनवर पैसे घालण्याआधी हे बघा की सहभागीला तुमच्या खोलीत चार पावलं मोकळेपणी चालता येतात का. १९९९ मध्ये मार्टिन युसो आणि सहकाऱ्यांनी खरं चालणं, जागच्या जागी पावलं टाकणं आणि बटण दाबून पुढे सरकणं यांची तुलना केली होती. खरं चालणं सरस ठरलं. आजही कितीतरी प्रयोगांत महागडा हेडसेट घालून सहभागीला खुर्चीत बसवतात आणि कंट्रोलरच्या काडीने पुढे ढकलतात. हे मला आजतागायत कळलेलं नाही.

एक अभ्यास मला विशेष आवडतो, कारण त्यात प्रश्न विचारण्याची तऱ्हाच बदलली आहे. स्लेटर, बर्नहार्ड श्पानलांग आणि डेव्हिड कोरोमिनास यांनी २०१० मध्ये सहभागींना आधी सर्वोत्तम दर्जाचं आभासी जग दाखवलं. मग सगळं हलक्या दर्जावर आणून ठेवलं आणि सांगितलं: एकेक गोष्ट सुधारत जा, आणि मघाशी जसं वाटलं होतं तसं वाटलं की थांबा. एका गटाने 'मी तिथे आहे' या जाणिवेवर लक्ष ठेवायचं होतं, दुसऱ्याने 'हे खरं घडतंय' या जाणिवेवर. जागेवर लक्ष ठेवणारे दृश्यक्षेत्र आणि डिस्प्लेच्या प्रकाराकडे वळले, घटनेवर लक्ष ठेवणाऱ्यांनी प्रकाशयोजना सुधारण्याकडे ओढ दाखवली. म्हणजे हे दोन भ्रम फक्त कागदावरचे नाहीत. लोक त्यांच्यासाठी वेगवेगळी किंमत मोजायला तयार असतात. इथे सहभागीला 'एक ते सातमध्ये किती' असं सांगावं लागत नाही. फक्त 'झालं, आता तसंच वाटतंय' एवढं ओळखावं लागतं. माणसाला ते जास्त चांगलं जमतं.

आता प्रश्नावल्या. तुम्हाला तीन नावं वारंवार दिसतील. स्लेटर, युसो आणि स्टीड यांची छोटी सहा प्रश्नांची, जिला एसयूएस म्हणतात. बॉब विटमर आणि मायकेल सिंगर यांची १९९८ ची, अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेतून आलेली. आणि थॉमस शूबर्ट, फ्रँक फ्रीडमन आणि होल्गर रेगेनब्रेख्ट यांची २००१ ची आयपीक्यू. तिच्यात चौदा प्रश्न आहेत, आणि जागेची जाणीव, गुंतणं व वास्तवपणा असे वेगवेगळे उपगुण मिळतात. विटमर-सिंगरवर जुना आक्षेप असा की ती बऱ्याच ठिकाणी यंत्रणेबद्दलच विचारते: नियंत्रण किती सहज होतं, प्रतिसाद किती लवकर मिळाला. मग चांगल्या यंत्रणेला चांगले गुण मिळाले यात नवल ते काय? तुमच्या कामासाठी घ्यायचीच तर मी आयपीक्यू घेईन, आणि एकूण बेरीज न देता उपगुण वेगळे देईन.

पण कोणतीही घ्या, एक प्रयोग डोक्यात ठेवूनच घ्या. २००० साली युसो आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना खऱ्या ऑफिसमध्ये एक लाल खोकं शोधायला पाठवलं आणि काहींना त्याच ऑफिसच्या आभासी प्रतिकृतीत. नंतर दोघांना प्रेझेन्सच्या त्याच प्रश्नावल्या दिल्या. खऱ्या खोलीत असलेल्या माणसांचे गुण आभाळाला भिडायला हवे होते, कारण ती तर खरंच तिथे होती! विटमर-सिंगरला दोन्ही गटांत फरक सापडला नाही. एसयूएसला थोडासाच सापडला. कारण समजायला सोपं आहे. आपण खऱ्या खोलीत 'मी इथे असल्याची जाणीव किती आहे' असा विचार कधी करतच नाही. प्रश्न विचारला की माणूस त्याचा काहीतरी अर्थ लावतो, आणि आपल्या त्या दिवसाच्या अनुभवाच्या पट्टीवर आकडा ठोकून देतो. दोन गटांची पट्टीच वेगळी असेल तर आकड्यांची तुलना कशाशी?

स्लेटर यांनी २००४ मध्ये याच धाग्याला अजून ताण दिला. 'कालचा तुमचा दिवस किती रंगीत होता' अशी मनाने रचलेली एक संकल्पना घेऊन त्यांनी प्रश्नावली पाठवली. लोकांनी निमूटपणे उत्तरं दिली. त्या उत्तरांचे इतर गोष्टींशी संख्याशास्त्रीय संबंधही निघाले. म्हणजे अस्तित्वात नसलेला मानसिक गुणही प्रश्नावलीतून 'मोजता' येतो, आणि त्यावर पेपरही लिहिता येतो. यावरून प्रश्नावल्या टाकून द्याव्यात असं मी म्हणणार नाही. पण प्रश्नावलीच्या स्कोअरवर प्रबंधाचा सगळा भार टाकू नका, एवढं नक्की म्हणेन.

एक व्यावहारिक बाब. प्रश्नावली हेडसेट काढून द्यायची की हेडसेटमध्येच? फालेंटिन श्विंट आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात दोन्हींच्या सरासरीत फरक पडला नाही. मात्र गुणांच्या विखुरलेपणावर परिणाम दिसला, आणि हेडसेटमध्ये विचारल्यावर तो जास्त एकसारखा राहिला. एकाच माणसाला चार-पाच वेळा विचारायचं असेल तर आतच विचारा. दर वेळी बाहेर काढून पुन्हा आत सोडलं की माणूस भांबावतो आणि वेळ जातो तो वेगळाच.

प्रश्नावली अपुरी म्हणून बरेच जण लगेच सेन्सरकडे धावतात, की शरीर खोटं बोलत नाही. शरीर खोटं बोलत नाही हे खरं, पण ते कशाबद्दल बोलतंय हेही सांगत नाही. मीहान यांच्याच अभ्यासात फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, १०, १५, २० आणि ३० ठेवून पाहिला होता. १५ पासून ३० पर्यंत हृदयाचे ठोके अपेक्षेप्रमाणे वाढत गेले: जग जितकं सुरळीत, तितकी भीती खरी. १० ला मात्र ठोके सूत्राबाहेर जाऊन जास्तच वाढले. अडखळत्या चित्राने लोकांचा तोल जाऊ लागला, अस्वस्थता आली, आणि नाडीने त्याचीही नोंद इमानेइतबारे केली. नुसता नाडीचा आकडा पाहणाऱ्याला वाटलं असतं की १० फ्रेमला प्रेझेन्स वाढतो. शिवाय, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवलं की प्रतिसाद मंदावत जातो, हेही त्याच कामात दिसलं होतं. म्हणून एकाच माणसाला सगळ्या अवस्थांतून नेणार असाल तर क्रम आलटून पालटून द्या. पहिल्या खेपेचा डेटा वेगळा काढूनही बघा.

त्या अभ्यासात तीन मापांपैकी हृदयाचे ठोके सगळ्यात भरवशाचे ठरले, त्वचेची विद्युतवाहकता त्याखाली, आणि त्वचेचं तापमान इतकं सावकाश बदलतं की थोड्या वेळाच्या प्रयोगात त्याचा उपयोग जवळजवळ नाहीच. तुम्ही ठोके घेणार असाल तर छातीवरच्या इलेक्ट्रोडने घ्या. बोटाला लावायचा प्रकाशीय सेन्सर चालत्या माणसावर हालचालीचा इतका गोंगाट आणतो की निम्मा डेटा साफ करण्यातच जातो. विद्युतवाहकतेत घटना आणि प्रतिसाद यांत एक ते तीन सेकंदांचं अंतर असतं, ते विश्लेषणात धरा. आणि आधारपातळी, म्हणजे तुलनेसाठी आधी घ्यायचं माप, खुर्चीत बसवून घेऊ नका. सहभागी काठावर उभा राहून चालणार आहे, तर आधारपातळीही आभासी साध्या खोलीत, उभ्याने आणि चालताना घ्या. नाहीतर तुम्ही उंचीची भीती मोजणार नाही, बसणं आणि चालणं यातला फरक मोजाल.

मापनाचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो कमी वापरला जातो याचं मला वाईट वाटतं. स्लेटर आणि अँथनी स्टीड यांनी २००० मध्ये उलट बाजूने विचार केला. प्रेझेन्स आहे का हे विचारण्याऐवजी तो तुटतो कधी हे नोंदवायचं. आपण प्रयोगशाळेत आहोत याचं भान एकदम आलं की सहभागीने सांगायचं, बस. एकाच दिशेचा बदल विचारण्यामागे कारण आहे. 'आता मी आभासी जगात शिरलो' असं सांगायला माणसाला आभासी जगातून बाहेर यावं लागेल, आणि मोजायला निघालो तेच मोडेल. पण तुटल्याचं सांगताना तो आधीच बाहेर आलेला असतो.

तुटण्याच्या या नोंदी वाचायला बसा, तुमचं आभासी जग कुठे कच्चं आहे ते अर्ध्या तासात कळेल. केबल पोटरीला घासली. नाकाच्या कडेने खालून उजेड आला. शेजारच्या खोलीत कुणीतरी खोकलं. आभासी कठड्यावर हात टेकायला गेला आणि हात आरपार गेला. यातली शेवटची नोंद इतकी नेहमीची आहे की मी आता कोणत्याही प्रयोगात हाताला पोचेल असं काही ठेवायचंच झालं तर त्या जागी खरी वस्तू ठेवायचा आग्रह धरते. साधं स्टूल किंवा टेबलाची कड पुरते. कठडा दिसतोय पण लागत नाही, यापेक्षा कठडा नसलेला बरा. आणि हो, तुमचे सेन्सर, त्यांच्या वायरी, चिकटपट्ट्या यांनीही प्रेझेन्स तुटतो. मोजण्याचं साधन मोजायच्या गोष्टीला ढवळतं, ही अडचण इथे अगदी शब्दशः समोर उभी असते.

शरीराबद्दल थोडं. सहभागीने खाली पाहिलं आणि तिथे पायच नसले तर? उंचीच्या प्रयोगात हा प्रश्न टाळता येत नाही, कारण सगळे खालीच बघतात. १९९८ मध्ये मॅथ्यू बॉटव्हिनिक आणि जोनाथन कोहेन यांनी दाखवलं की खरा हात लपवला, समोर रबरी हात ठेवला आणि दोघांना एकाच लयीत ब्रशने स्पर्श केला, तर रबरी हात आपला वाटू लागतो. व्हीआरमध्ये हे पूर्ण शरीराला लागू होतं. डॉम्ना बनाकू, राफाएला ग्रोटेन आणि स्लेटर यांनी २०१३ मध्ये प्रौढांना चार वर्षांच्या मुलाचं आभासी शरीर दिलं, आणि तुलनेला त्याच उंचीचं पण प्रौढ ठेवणीचं लहान शरीर. दोन्हींत वस्तू आहेत त्यापेक्षा मोठ्या वाटल्या. मुलाच्या शरीरात तर आणखीच मोठ्या. उंची सारखीच असूनही कोणतं शरीर आपलं वाटतं यावर जग किती मोठं दिसेल हे ठरत होतं. तुमचा विषयच अंतर आणि खोली यांचा अंदाज आहे, तेव्हा आभासी शरीराची उंची प्रत्येक सहभागीप्रमाणे जुळवून घ्या. एकच ठरावीक पुतळा सगळ्यांना दिलात तर बुटक्या आणि उंच माणसांच्या भीतीतला फरक कुठून आला हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नातला खरा पेच. जास्त प्रेझेन्स म्हणजे जास्त भीती, हे गृहीत धरून तुम्ही निघाला आहात. उलटही होतं. स्टीफन बुशार आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सापांची भीती असलेल्या लोकांना एका आभासी जागेत नेलं, आणि तिथे साप दडलेले असू शकतात असं सांगून त्यांची धास्ती वाढवली. धास्ती वाढली तेव्हा प्रेझेन्सचे गुणही वाढले. भीतीने प्रेझेन्स वाढला. म्हणून उंचीला घाबरणारा आणि न घाबरणारा असे दोन गट घेऊन, पहिल्याचा प्रेझेन्स जास्त आला म्हणून त्याची भीती जास्त, असा बाण एका दिशेने काढता येणार नाही. सहसंबंध दाखवा, कारण दाखवल्याचा आव आणू नका.

आणि उपचाराशी संबंध तर त्याहून पातळ आहे. बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच उंचीच्या भीतीवर व्हीआरमधून टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचा उपचार वापरून चांगले परिणाम दाखवले होते. पण मॅथ्यू प्राइस आणि पेज अँडरसन यांनी २००७ मध्ये विमानप्रवासाची भीती असलेल्यांवर केलेल्या अभ्यासात असं आढळलं की प्रेझेन्सचा संबंध उपचारादरम्यान जाणवणाऱ्या चिंतेशी होता, उपचाराच्या यशाशी नाही. प्रेझेन्स दार उघडतो, आत काय घडेल हे तो ठरवत नाही. तुमच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत 'प्रेझेन्स वाढवल्यास उपचार अधिक परिणामकारक होतील' अशा अर्थाचं वाक्य असेलच. ते काढा किंवा मवाळ करा.

मळमळीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येईलच. शेमस वीच आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये घेतलेल्या आढाव्यात मळमळ आणि प्रेझेन्स यांचा संबंध एकंदरीत उलटा दिसतो. रॉबर्ट केनेडी यांची १९९३ ची सोळा लक्षणांची यादी प्रयोगाआधी आणि नंतर भरून घ्या. नुसती नंतर घेतली तर सकाळपासून डोकं दुखत असलेला सहभागी तुमच्या व्हीआरच्या नावावर जमा होतो.

तर मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? आधी एका वाक्यात लिहून काढलं असतं की काठावर उभा असलेला माणूस, त्याला ती जागा खरी वाटत असेल तर, नेमकं काय करेल. काठापासून किती अंतरावर उभा राहील. फळीवरून जाताना पावलाची लांबी किती कमी होईल. खाली पडलेली वस्तू उचलायला सांगितली तर किती वेळाने वाकेल. डोक्याचं आणि कंट्रोलरचं ट्रॅकिंग तुमचा हेडसेट तसाही सेकंदाला डझनावारी वेळा नोंदवतोच. ते फुकट मिळणारं, सहभागीला न टोचणारं माप आहे, आणि बहुतेक प्रबंधांत ते फाइलमध्ये पडून राहतं. मुख्य माप हे ठेवा. त्याच्या जोडीला हृदयाचे ठोके, तुटण्याच्या नोंदी, आणि मग शेवटी आयपीक्यू. चारही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर तुमच्या दाव्यात दम आहे. नसतील तर ती विसंगतीच लिहा. ती प्रश्नावलीच्या एका बेरजेपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

दोन अवस्था ठेवा, तीनच्या वर जाऊ नका. मी असते तर फळी आहे आणि फळी नाही, एवढाच फरक ठेवला असता. स्वस्त आहे, जुन्या निकालाशी ताडून पाहता येतं, आणि रिझोल्यूशनच्या तुलनेपेक्षा परिणाम दिसण्याची शक्यता जास्त. फळीची कड आणि आभासी काठ एका सेंटीमीटरच्या आत जुळताहेत का हे रोज सकाळी पहिला सहभागी येण्याआधी तपासा, कारण ट्रॅकिंग रात्रीत सरकलेलं असू शकतं. काठ दिसतो एकीकडे आणि पायाला लागतो दुसरीकडे, असं झालं तर फळी प्रेझेन्स वाढवायच्या ऐवजी तोडते.

सहभागींना सूचना देताना 'तुम्हाला खरंच तिथे असल्यासारखं वाटेल' असलं काही बोलू नका. ते वाक्य ऐकलेला माणूस प्रश्नावलीत तुम्हाला खूश करणारी उत्तरं देतो. आपण काय तपासतोय हे सूचनापत्रातून त्याला कळता कामा नये. मात्र प्रयोगात उंची दिसणार आहे, कधीही थांबता येईल, आणि हेडसेट काढण्यासाठी काय करायचं, हे तिन्ही स्पष्ट लिहा. नैतिकता समिती हेच आधी विचारेल. शेजारी एक माणूस हात लांब करता येईल इतक्या अंतरावर उभा ठेवा. तोल जाणाऱ्याला धरायला तो लागतोच. पण त्याने सहभागीशी बोलायचं नाही, ही सूचना त्यालाही लेखी द्या.

पायलटमध्ये, म्हणजे मुख्य प्रयोगाआधीच्या छोट्या चाचणीत, आधी ओळखीतले पाच-सहा जण घ्या आणि त्यांचे फक्त पाय चित्रित करा. फळी नसतानाही पाय घासत चालत असतील तर काठाच्या आणि खालच्या खोलीच्या दृश्यात काही बदलायची गरज नाही. बिनधास्त पावलं टाकत असतील तर प्रश्नावलीपर्यंत जाऊच नका, आधी फ्रेम रेट, उंचीचं प्रमाण आणि आभासी पाय तपासा. पायलटच्या नोंदी हाताशी आल्या की नमुना किती मोठा घ्यायचा ते त्यावरून काढता येईल. त्याआधी काढलेला आकडा निव्वळ अंदाज असतो.